चॉकलेटमध्ये बुडवलेल्या स्ट्रॉबेरीला पाणी सुटतं, कवच तडकतं, चकाकी जाते: नेमकं कुठे चुकतं?

दुपारी बुडवल्या तेव्हा आरशासारख्या चमकत होत्या आणि रात्री ताट समोर ठेवलं तर खाली गुलाबी पाण्याचं थारोळं. ही तक्रार प्रेमाच्या दिवसांच्या आसपास हमखास ऐकू येते. बहुतेक जण दोष चॉकलेटला देतात आणि पुढच्या वेळी महागडं चॉकलेट आणतात. पण या पदार्थात गडबड करतं ते पाणी आणि तापमान, आणि त्यातही पाण्याची सुरुवात बहुधा फळापासून होते. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तर चॉकलेटला पाण्याचा थेंबही सोसत नाही. या दोघांना काही तास एकत्र नांदवायचं, एवढंच खरं काम आहे.

आधी एक चाचणी: पाणी आतलं की बाहेरचं?

कोरडा टिशू कागद फळाला हलकेच टेकवा. कागदावर रंगहीन पाणी आलं तर ते हवेतलं दव आहे. गुलाबी आणि चिकट आलं तर तो फळाचा रस आहे. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे, म्हणून ही चाचणी न करता उपाय सुरू केलात तर दिवस वाया जाईल.

बाहेरचं पाणी, म्हणजे स्ट्रॉबेरीला फुटलेला घाम

फ्रीजमधून काढलेल्या गार पेल्याच्या बाहेर थेंब जमतात, तोच प्रकार. खोलीत २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे १७ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रीजमधलं फळ असतं ४-५ अंशांवर, तेव्हा ते घामाघूम होणारच. ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर मर्यादा जवळपास २४ अंशांवर जाते; मग वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या फळालाही घाम फुटतो.

हे दव नुसतं दिसायला वाईट नसतं. चॉकलेटच्या पृष्ठभागावरची साखर त्यात विरघळते, पाणी वाळलं की ती खरखरीत पांढऱ्या थरासारखी मागे राहते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये साखर जास्त, म्हणून ते आधी चिकट होतं.

उपाय असा: सहा-आठ तासांत खायच्या असतील आणि खोली १८ ते २२ अंशांची असेल तर फ्रीजमध्ये ठेवूच नका. अख्ख्या, न कापलेल्या स्ट्रॉबेरीला त्याची गरज नाही. खोली गरम असेल आणि फ्रीजशिवाय पर्याय नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तळाशी कोरडा कागदी रुमाल अंथरा. बाहेर काढल्यावर डबा पाऊण ते एक तास बंदच ठेवा. दव डब्याच्या बाहेरच्या अंगाला धरेल, आतलं फळ हळूहळू खोलीच्या तापमानाला येईल. उत्सुकतेपोटी मध्येच झाकण उघडलंत तर सगळं मुसळ केरात.

घाम आलाच तर पुसू नका, बोटांचे ठसे उमटतात आणि चकाकी जाते. पंख्याच्या मंद झोतात दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

आतलं पाणी, म्हणजे रस

याची मुळं जवळजवळ नेहमी बुडवण्याच्या आधीच्या कामात असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे देठ आणि हिरवी पानं काढून टाकणं. तिथे उघडी जखम राहते आणि रस तिथूनच पाझरतो. पानं ठेवा; धरायलाही तीच उपयोगी, दिसायलाही तीच छान. दुसरी चूक मऊ, दबलेली फळं घेण्याची. दबलेल्या जागी पेशी आधीच फुटलेल्या असतात, वर कवच चढलं की तो रस कोंडतो आणि सर्वांत पातळ जागेतून वाट काढतो. तिसरी चूक टूथपिक खुपसून बुडवण्याची. टोकाकडून टोचलेलं भोक म्हणजे रसासाठी तयार नळ. काडीला लावायच्याच असतील तर देठाच्या बाजूने टोचा.

निवड करताना फळ घट्ट, पूर्ण लाल आणि मध्यम आकाराचं घ्या. फार मोठ्या स्ट्रॉबेरी रुबाबदार दिसतात, पण त्या बऱ्याचदा आतून पोकळ असतात आणि त्यांचं कवच स्वतःच्याच वजनाने तळाशी फुटतं. पांढरे खांदे, म्हणजे देठाजवळचा भाग पांढरा, असलेलं फळ घरी पिकत नाही. तोडल्यावर स्ट्रॉबेरी गोड होत नाही.

धुणं झटपट उरका, भिजत घालू नका. धुतल्यावर एकेक फळ टिपा, मग कापडावर मोकळं पसरून पंख्याखाली दीड-दोन तास ठेवा. आणि यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात: पानं वर उचलून त्यांच्या खालची जागा टिपा. तिथे दोन-तीन थेंब दडून बसलेले असतात आणि पुढे चॉकलेटच्या भांड्यात तेच उतरतात.

एवढं करूनही रस येत असेल तर दोनदा बुडवा. पहिला थर अगदी पातळ, तो पूर्ण घट्ट झाला की दुसरा. स्ट्रॉबेरीच्या पृष्ठभागावर बियांचे खळगे असतात, एका थरात त्यांवर बारीक छिद्रं राहून जातात. दुसरा थर ती बुजवतो. चोवीस तासांनंतर मात्र कुठलीही युक्ती चालत नाही. हा पदार्थ त्याच दिवशी खायचा आहे, आणि दोन दिवस आधी करून ठेवण्याचा हट्ट सोडलेला बरा.

कवच तडकतं किंवा टोपीसारखं निघून येतं

तडकण्याचं कारण थंड फळ. फ्रीजमधून काढून लगेच बुडवलं तर चॉकलेट काही सेकंदांत जाड थरात गोठतं. घट्ट होताना चॉकलेट थोडं आकसतं, तर आतलं फळ गरम होताना किंचित फुगतं. कवच मध्ये सापडतं आणि चिरतं. त्यात थर तीन-चार मिलिमीटरचा असेल तर चावताना सगळा एकदम गळून पडतो. दीड-दोन मिलिमीटर पुरे. फळ १८ ते २० अंशांवर आणा, मगच बुडवा.

टोपीसारखं सुटून येत असेल तर फळ आणि चॉकलेट यांच्यामध्ये पाण्याची फिल्म आहे. फळ नीट वाळलेलं नव्हतं किंवा थंड होतं आणि बुडवण्याआधीच त्याच्यावर दव आलं होतं. द्राक्षांच्या बाबतीत सालीवरच्या नैसर्गिक मेणामुळेही असं होतं. ती कोरड्या कापडाने जरा चोळून घ्या.

घट्ट करण्यासाठी फ्रीज वापरायचा असेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. फ्रीजरमध्ये तर अजिबात ठेवू नका. गोठलेल्या स्ट्रॉबेरीच्या पेशी फुटतात आणि वितळल्यावर कवचाच्या आत नुसता लगदा उरतो. केळं याला अपवाद, कारण ते गोठलेलंच खायचं असतं.

पहिल्या आठ छान, दहाव्याला चॉकलेट दाट

याची दोन कारणं असू शकतात, आणि ती ओळखणं सोपं आहे. थोडं चॉकलेट किंचित गरम करा. पुन्हा सैल आणि गुळगुळीत झालं तर ते फक्त निवलं होतं. गरम करूनही रवाळ, चिखलासारखं राहिलं तर त्यात पाणी गेलंय.

चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. थोडंसंच पाणी आलं की साखर चिकट होते, कण एकमेकांना धरतात आणि गोळा होतो. पाणी कुठून येतं? पानांखालच्या थेंबांतून, ओल्या चमच्यातून, डबल बॉयलरच्या (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्याच्या) वाफेतून, गरम भांड्यावर ठेवलेल्या झाकणातून. वरचं भांडं खालच्यापेक्षा रुंद हवं, खालच्या पाण्याला त्याचा तळ टेकू नये आणि पाणी उकळत नव्हे तर जेमतेम वाफाळत असावं. भांडं उचललं की आधी त्याचा तळ पुसा, मग कलतं करा.

गोळा झालेलं चॉकलेट बुडवण्याच्या कामाचं राहत नाही. तेल घालून ते सावरायची धडपड करू नका. मजा अशी की थोडं पाणी घात करतं, भरपूर पाणी वाचवतं: १०० ग्रॅमला ५० ते ६० मिलिलिटर गरम क्रीम थोडं थोडं घालत घोटलं की गुळगुळीत सॉस होतो. तो वाटीत घाला, बाजूला फळं आणि काटे ठेवा. खाणाऱ्याला वाटेल, आधीपासून असंच ठरलं होतं.

जळलेलं चॉकलेट मात्र वेगळं. तेही रवाळ दिसतं, पण कोरडं असतं आणि करपट वास येतो. ते टाकून द्या. मायक्रोवेव्हमध्ये हे सर्रास होतं, कारण तुकड्यांचा आकार वरून तसाच राहतो आणि आतून ते करपतात. अर्ध्या शक्तीवर आधी तीस सेकंद, मग पंधरा-पंधरा सेकंद, प्रत्येक वेळी ढवळून. थोडे तुकडे शिल्लक असतानाच बाहेर काढा, उरलेल्या उष्णतेत ते विरघळतात. पांढऱ्या चॉकलेटला तर डोळ्यात तेल घालून जपावं लागतं.

चकाकी नाही, राखाडी पट्टे, हाताला लागतं

आधी ओळखा. बोटाने चोळल्यावर राखाडी थर मऊ पडून पुसला जात असेल तर तो कोकोआ बटरचा, म्हणजे चॉकलेटमधल्या चरबीचा; टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानांतून नेऊन चरबीचे योग्य स्फटिक बनवणं, चुकलंय. खरखरीत लागत असेल आणि बोटाच्या उबेने जात नसेल तर ती साखर; वरचा दवाचा भाग पुन्हा वाचा.

कोकोआ बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. त्यातला पाचवा आपल्याला हवा: तो चमकतो, कट्कन तुटतो आणि तोंडात विरघळतो. नुसतं वितळवून बुडवलं तर अस्थिर स्फटिकांची खिचडी होते, कवच मऊ राहतं आणि नंतर पट्टे येतात. घरी सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे बी घालणं. ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट असेल तर २०० ग्रॅम ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवा, उष्णतेवरून उतरवा. उरलेले १०० ग्रॅम बारीक चिरून मूठमूठ घालत ढवळत राहा, ३१-३२ अंशांवर येईपर्यंत. न विरघळलेले तुकडे काढून घ्या. मिल्क चॉकलेट ४० ते ४५ अंशांपर्यंत वितळवायचं आणि २९-३० वर वापरायचं. पांढरंही तेवढंच वितळवायचं, पण २८-२९ वर वापरायचं. बी म्हणून घातलेलं चॉकलेट स्वतः चकचकीत असलं पाहिजे. डागाळलेल्या वडीचं बी काय उगवणार!

खात्री करायला सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. २० अंशांच्या आसपासच्या खोलीत तीन ते पाच मिनिटांत चमक धरून घट्ट झालं तर जमलं. काम करताना चॉकलेट दाट होत गेलं तर हेअर ड्रायरचा झोत पाच सेकंद द्या, पण ३४ अंशांच्या वर नेऊ नका. गेलं की सगळे चांगले स्फटिक वितळतात आणि पुन्हा श्रीगणेशा. थर्मामीटर नसताना टेम्परिंगच्या भानगडीत पडू नका.

त्यापेक्षा सरळ कंपाउंड चॉकलेट घ्या. त्यात कोकोआ बटरऐवजी वनस्पती चरबी असते, टेम्परिंग लागत नाही, ४० अंशांच्या आसपास वितळवून वापरता येतं. चव थोडी उणी, पण गरम हवेत आणि घाईच्या दिवशी त्याचाच आधार. त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. फक्त दोन्ही एकत्र करू नका. अर्धं कुव्हर्चर (कोकोआ बटरचं खरं चॉकलेट), अर्धं कंपाउंड असं मिश्रण दोघांपेक्षाही मऊ होतं आणि लवकर डागाळतं.

चॉकलेट मुळातच जाड असेल तर सैल करायला १५० ग्रॅमला एक छोटा चमचा वितळलेलं कोकोआ बटर किंवा वास नसलेलं तेल. दूध नाही, पाणी नाही, लोणी नाही. लोण्यातही पाणी असतं.

खाली साचणारा पाय

कागदावर ठेवल्यावर स्ट्रॉबेरीभोवती चॉकलेटचं तळं साचतं, त्याला पाय म्हणतात. चॉकलेट गरम असतं किंवा जास्तीचं झटकलेलं नसतं. भांडं अरुंद आणि खोल घ्या. अर्धा किलो मध्यम फळांना, म्हणजे वीस-पंचवीस नगांना, २०० ते २५० ग्रॅम चॉकलेट लागतं, पण बुडायला खोली मिळावी म्हणून ३०० ग्रॅम वितळवा. पानं मुठीत मागे धरा, फळ तिरकं बुडवून एक वेढा द्या, वर उचलून दोन-तीनदा झटका, पाठ भांड्याच्या कडेला हलकेच पुसा आणि ती बाजू खाली करून बटर पेपरवर ठेवा. ठेवताना इंचभर पुढे सरकवा, उरलंसुरलं मागे राहील. खांद्याजवळ लाल पट्टी मोकळी सोडा, चॉकलेट पानांना लागू देऊ नका.

सजावट बिघडते ती वेळेमुळे

वरून काढलेल्या चॉकलेटच्या रेषा कवचात बुडून सपाट होतात, कारण खालचा थर अजून ओला आहे. उठावदार रेषा हव्यात तर कवच पूर्ण घट्ट होऊ द्या. दाणे, नारळाचा कीस, वरून शिंपडायचे रंगीत कण यांचं उलट: बुडवल्यावर मिनिटभरात, नाहीतर चिकटत नाहीत. रेषा काढायच्या कागदी कोनाचं टोक मिलिमीटरभरच कापा. रेषा हवेतून सुरू करून हवेतच संपवा, म्हणजे टोकांना गाठी येत नाहीत.

बदामाच्या, म्हणजे हृदयाच्या, आकारांची रांग काढायची असेल तर ओल्या डार्क थरावर लगेच पांढऱ्याचे तीन-चार मिलिमीटरचे ठिपके द्या आणि टूथपिक त्यांच्या मधून एका ओढीत न्या. प्रत्येक ठिपक्याचा बदाम होतो. हातात वेळ असते वीस-तीस सेकंदांची. ठिपके ओढले न जाता फाटत असतील तर खालचा थर गोठू लागला आहे. एका वेळी एकच फळ घ्या.

कोट घातलेल्या स्ट्रॉबेरीत आधी पांढरा थर, तो घट्ट झाल्यावर दोन्ही बाजूंनी तिरकं डार्कमध्ये बुडवायचं, मग मध्ये पांढरा त्रिकोण उरतो. डार्क ३५-४० अंशांचं असेल तर पांढरा वितळून सदरा मळतो. बटणं कोनाने द्या.

रंगाने चॉकलेटचा गोळा झाला तर रंग पाण्यावर आधारित होता. तेलातले किंवा कोरडी पूड असलेले रंगच वापरा. पांढरं चॉकलेट मुळात पिवळसर असतं, म्हणून निळा हिरवटाकडे झुकतो आणि लाल घालत गेलं तरी बराच वेळ गुलाबीच दिसतो. गुलाबी हवा असेल तर १०० ग्रॅमला ५ ग्रॅम फ्रीझ-ड्राय (गोठवून वाळवलेल्या) स्ट्रॉबेरीची पूड चाळून घाला. रंगही येतो, आंबटपणाही.

दुसरी फळं, थोडक्यात

संत्र्याच्या फोडींची पातळ साल शाबूत ठेवा, शिरा काढा आणि दोन-तीन तास वाळू द्या. देठासकट चेरी उत्तम. केळ्याचे जाड काप तासभर फ्रीजरमध्ये ठेवून बुडवा आणि थंडच वाढा. सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबू लावलं तर फोड ओली होते. टिपून घ्या आणि अर्धीच बुडवा. अननस, कलिंगड, किवी कापलेले असताना रस सोडतच राहतात, त्यांना पूर्ण कवच देण्याचा नाद नको. त्यांचे कटरने बदाम कापा, वरून रेषा मारा आणि वाढायच्या आधी अर्धा तास करा. कापलेलं फळ खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये.

फळांचा गुच्छ करत असाल तर स्ट्रॉबेरी काडीवरून खाली घसरते. आधी एक द्राक्ष ओवा, त्यावर स्ट्रॉबेरी देठाच्या बाजूने दोन-तृतीयांश खोल टोचा. जड फळं मध्यात आणि खाली, हलकी वर. नाहीतर भांडं कलंडतं.

रात्री आठला ताट हवं असेल तर

बारा वाजता फळं फ्रीजबाहेर, एकला धुणं, तीनपर्यंत पंख्याखाली. तीन ते चार बुडवणं, साडेचारला रेषा. खोली गार असेल तर डब्यात, झाकण किंचित उघडं ठेवून, आठपर्यंत. खोली २६ अंशांच्या वर असेल तर बंद डबा फ्रीजमध्ये, सात वाजता बाहेर, आणि आठच्या आधी झाकणाला हात नाही.